हात कधी काढायचा?

खुर्चीत मागे टेकून बसलेल्या माणसाला सांगावं, 'उभा राहा. दोनच अटी. हातांचा आधार घ्यायचा नाही आणि पाठ पुढे झुकवायची नाही.' माणूस कितीही धडधाकट असो, त्याला उठता येत नाही. मांड्या थरथरतात, पावलं जमिनीत रुततात, पण बूड खुर्चीवरून दोन बोटंही वर येत नाही. वाचकांनी करून पाहायला हरकत नाही.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांवर उपचार करायला शिकणाऱ्या थेरपिस्टांच्या वर्गात असे प्रयोग बरेच चालतात. बाहेरून पाहणाऱ्याला ते पोरखेळच वाटतील. पदवी घेतलेली, नोकरीत असलेली मोठी माणसं सतरंजीवर लोळतात, एकमेकांना पालथं करतात, एक पाय आखडून रांगतात. उद्देश साधा असतो. बसल्या जागेवरून उठताना आपलं डोकं आधी पुढे जातं, मग शरीराचा भार पावलांवर येतो, मग गुडघे सरळ होतात. हा क्रम आपल्याला कुणी शिकवलेला नसतो, म्हणून तो आपल्याला माहीतही नसतो. आणि स्वतःलाच माहीत नसलेली गोष्ट दुसऱ्याला शिकवणार कशी?

सीपी असलेलं मूल (घरात, दवाखान्यात सगळे हेच आखूड नाव वापरतात) खुर्चीतून उठायला जातं तेव्हा अनेकदा त्याचं अंग पुढे झुकायच्या ऐवजी मागे ताठतं. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात, टाचा उचलल्या जातात. जवळचं माणूस मायेने दंड धरून ओढतं. ओढलं की मूल आणखी ताठतं. मग 'हा प्रयत्नच करत नाही' असा शेराही बसतो. खरं तर त्याचा प्रयत्नच इतका असतो की त्या प्रयत्नाने अंग कडक होतं.

सरकारी मराठीत या अवस्थेला मेंदूचा पक्षाघात म्हणतात. वाढत्या मेंदूला गर्भात असताना, जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतर लवकरच इजा होते आणि हालचालींवरचा ताबा कमी-अधिक बिघडतो. अपुऱ्या दिवसांचं बाळ, जन्मताना गुदमरलेलं बाळ, वेळेवर उपचार न झालेली नवजात कावीळ, मेंदूचा जंतुसंसर्ग अशी नाना कारणं असतात, आणि बऱ्याच मुलांत नेमकं कारण सापडतही नाही. मेंदूतली इजा पुढे वाढत नाही. पण मूल वाढतं, हाडं लांब होतात, आखडलेले स्नायू त्या वेगाने लांब होत नाहीत. त्यामुळे परिणाम मात्र वर्षागणिक बदलत जातात. साधारण तिघांतल्या एकाचा खुबा हळूहळू जागेवरून सरकतो आणि ते बाहेरून दिसतही नाही. जगात सुमारे १ कोटी ७० लाख लोकांना सीपी आहे. भारतात हे प्रमाण हजार मुलांमागे तीनच्या आसपास मानलं जातं.

यातली बहुसंख्य मुलं ताठर स्नायूंची असतात. काहींचे हातपाय मनाविरुद्ध वळवळत राहतात, काहींचा तोल जातो. ताठरपणा ओळखणं ही थेरपिस्टच्या हातांची पहिली परीक्षा. मुलाचा पाय अगदी सावकाश सरळ केला तर तो बऱ्यापैकी सरळ होतो. तोच झटक्यात सरळ करायला जावं तर मध्येच कुणीतरी ब्रेक दाबल्यासारखा अडतो. अडण्याची ही जागा वेगाप्रमाणे बदलत असेल तर ती मेंदूच्या चुकीच्या आज्ञेची करामत. सावकाश नेला तरी पाय त्याच जागी अडत असेल तर स्नायूच आखूड झाला आहे. पहिल्यावर औषध किंवा बोटॉक्सचं इंजेक्शन चालेल, दुसऱ्यावर प्लास्टर किंवा शस्त्रक्रिया लागेल. पुस्तकात हा फरक चार ओळींत संपतो. बोटांना तो कळायला शेकडो पाय हाताळावे लागतात.

१८६१ मध्ये लंडनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या सभेपुढे विल्यम लिटल या शल्यविशारदाने अशा मुलांचं सविस्तर वर्णन वाचून दाखवलं आणि अडलेल्या बाळंतपणाकडे बोट दाखवलं. पुढे बराच काळ हा विकार 'लिटलचा आजार' म्हणूनच ओळखला जाई. लिटल स्वतः लहानपणापासून वाकड्या पावलाचा होता आणि जर्मनीत शस्त्रक्रिया करून घेऊन बरा झाला होता. १८९७ मध्ये सिग्मंड फ्रॉइडने (होय, तोच, मनोविश्लेषणाआधी तो मेंदूच्या विकारांचा डॉक्टर होता) शंका काढली की बाळंतपण अडणं हेच कदाचित आधी गर्भात झालेल्या बिघाडाचं लक्षण असेल. फ्रॉइडची ही शंका बऱ्याच अंशी खरी ठरली. पण कारण कोणतंही असो, त्या मुलाचं करायचं काय, याचं पुरेसं उत्तर दोघांकडेही नव्हतं. ते काम डॉक्टरांपेक्षा व्यायाम शिकवणाऱ्यांच्या वाट्याला आलं.

मुंबईत या कामाचं पद्धतशीर शिक्षण सुरू झालं केईएम रुग्णालयात, आणि त्यामागची बाई विलक्षण होती. अमेरिकेतल्या क्वेकर पंथीय घरातली एलिझाबेथ लंडी १९३० मध्ये विष्णू निंबकरांशी लग्न करून भारतात आली आणि कमला निंबकर झाली. चाळिशी उलटल्यावर ती पुन्हा अमेरिकेत गेली, फिलाडेल्फियाला ऑक्युपेशनल थेरपी (रोजच्या कामांतून उपचार) शिकली आणि परत येऊन १९५० मध्ये तिने केईएममध्ये या विषयाची शाळा काढली. आशियातली ती पहिली. १९५२ मध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्टांचा जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा दहा संस्थापक देशांत भारत होता, तो तिच्यामुळे. फलटणच्या कमला निंबकर बालभवनामुळे तिचं नाव आज अनेकांना ठाऊक आहे, पण तिचं मूळ काम हे.

तो काळ पोलिओचा होता. जगभरात फिजिओथेरपीची एक मोठी पिढी घडली ती पोलिओच्या मुलांवर, आणि सीपीच्या उपचारांची पहिली चूकही तिथूनच आली. पोलिओत विषाणू मज्जारज्जूतल्या पेशी मारतो. मेंदूची आज्ञा बरोबर असते, तारच तुटलेली असते, म्हणून पाय लुळा पडतो. तिथे एकेका स्नायूची ताकद मोजायची, उरलेला स्नायू बळकट करायचा, लुळ्या पायाला कॅलिपर लावायचं, हे सगळं शहाणपणाचं होतं. सीपीत तार शाबूत असते, आज्ञाच चुकीची येते. तरी हत्यारं तीच वापरली गेली. अमेरिकेत आणि युरोपातही सीपीच्या मुलांना कमरेपासून घोट्यापर्यंत लोखंडी पट्ट्यांत बांधून स्नायूमागून स्नायू व्यायाम दिले जात. ज्या स्नायूला 'आकुंचन पाव' सांगायचं तो आधीच आकुंचनाने कडक झालेला असे.

या कोंडीतून वाट काढली बर्लिनहून जीव वाचवून लंडनला आलेल्या एका व्यायामशिक्षिकेने. बर्टा बोबाथ आणि तिचा डॉक्टर नवरा कारेल हे दोघंही नाझींच्या जर्मनीतून निसटलेले. १९४० च्या दशकात बर्टाकडे सायमन एल्विस हा नामांकित चित्रकार रुग्ण म्हणून आला. अर्धांगाच्या झटक्याने त्याची एक बाजू गेली होती. हात छातीशी आवळलेला. रीतीप्रमाणे तो ताणायचा, मसाज करायचा. बर्टाच्या लक्षात आलं की हाताला हातच न लावता खांद्याची, धडाची ठेवण बदलली तर तो कडक हात आपसूक सैल पडतो. म्हणजे ताठरपणा दगडासारखा कायमचा नाही. शरीर कसं ठेवलं आहे यावर तो वाढतो, घटतो. आज हे वाक्य साधं वाटतं. त्या काळी ते उलथापालथ करणारं होतं.

तिने हेच मुलांवर करून पाहिलं. खांदा, खुबा, मान या जागी नेमका हात ठेवला तर पूर्ण शरीराची चाल बदलते. १९५१ मध्ये लंडनमध्ये त्यांचं केंद्र उभं राहिलं आणि तिथला आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम जगभरच्या थेरपिस्टांची काशी झाला. ऑस्ट्रेलियापासून भारतापर्यंत जी कुणी तिथे शिकली, तिने परत येऊन दुसऱ्यांना शिकवलं. ही विद्या पुस्तकातून येत नाही, हातातून हातात जाते. गुरूने मुलाच्या खुब्यावर हात ठेवायचा, शिष्येने तिच्या हातावर हात ठेवून दाब समजून घ्यायचा. तबल्याचा बोल कागदावर लिहून ठेवला म्हणून वाजत नाही, त्यातला प्रकार.

तबल्यासारखीच मग घराणीही झाली. चेकोस्लोव्हाकियातून जर्मनीत गेलेल्या वोय्टाचं एक. शरीरावरच्या ठराविक बिंदूंवर दाब द्यायचा की रांगण्या-वळण्याच्या हालचाली प्रतिक्षिप्तपणे उमटतात. बाळं त्यात बरीच रडतात, आणि आईला ते रडणं सोसून दिवसातून अनेकदा दाब द्यायचा असतो. बुडापेस्टच्या पेटोचं दुसरं. तिथे थेरपिस्ट नाही, 'कंडक्टर' असते. चार वर्षं शिकून ती शिक्षिका, परिचारिका आणि थेरपिस्ट असं तिहेरी काम करते. मुलं गटाने, लाकडी पट्ट्यांच्या बाकांना धरून, मोठ्याने आकडे म्हणत, गाणी म्हणत हालचाल करतात. प्रत्येक घराण्याला आपलीच गायकी खरी वाटत होती, आणि मूल सुधारलं की श्रेय घराण्याला, नाही सुधारलं तर मेंदूला, असा हिशेब होता.

हिशेब तपासायला कुणीतरी बसायला हवं होतं. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये डॉक्टरांनी ते केलं आणि १९८८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये निष्कर्ष छापला. दोन्ही पायांत ताठरपणा असलेली ४८ बाळं, वय एक ते दीड वर्षाच्या आसपास. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला बोबाथ धर्तीची फिजिओथेरपी, दुसऱ्या गटाला पहिले सहा महिने फिजिओथेरपी नाहीच. त्याऐवजी खेळ, चित्रं, बोलणं, हाताने करायच्या गमतीजमती, म्हणजे वयाला साजेसं उत्तेजन. सहा महिन्यांनी फिजिओथेरपीच्या गटात १२ टक्के बाळं चालू लागली होती. खेळांच्या गटात ३५ टक्के.

आकडा लहान गटावरचा आहे, आणि खेळवलं की मूल चालतं असा त्याचा अर्थ काढणंही धाडसाचं. पण ज्या उपचारासाठी आईबाप नोकऱ्या सोडत होते, तो खेळण्यांच्या पेटीपुढेही सरस ठरला नाही, एवढं तर स्पष्ट होतं. थेरपिस्टांच्या जगात या लेखाने जी खळबळ माजली ती समजण्यासारखी आहे.

बोबाथ दांपत्याचा मोठेपणा हा की त्यांनी स्वतःच आधी चूक कबूल केली होती. १९८४ च्या एका लेखात त्यांनी मान्य केलं की ताठरपणा कमी करून सुंदर ठेवणीत हालचाल करवली की ती मूल रोजच्या जगण्यात आपोआप वापरेल, ही अपेक्षा खरी ठरली नाही. थेरपिस्टच्या हातांत अप्रतिम चालणारं मूल हात काढला की पूर्वीसारखंच चाले. शिष्यांनी मात्र गुरूची पहिली वाक्यं पाठ केली, शेवटची नाही. असं इतरही घराण्यांत होतं.

चूक कुठे होती? गाडी चालवणाऱ्याच्या शेजारी बसून रस्ता पाठ होत नाही, स्वतः चुकत गेलं की होतो. मेंदू शिकतो तो स्वतः ठरवून केलेल्या, फसलेल्या, पुन्हा केलेल्या हालचालीतून. थेरपिस्टने बिनचूक करवून घेतलेल्या हालचालीत चूकच नसते, म्हणून शिकणंही नसतं. एडवर्ड टॉब या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या माकडांवरच्या प्रयोगांतून एक उपचार निघाला : एका बाजूचा हात दुबळा असेल तर चांगला हात काही काळ मोज्यात किंवा झोळीत अडकवून ठेवायचा आणि दुबळ्या हाताकडून खेळात भरपूर काम करवून घ्यायचं. मूल वैतागतं, सांडतं, पाडतं. आणि तो हात वापरायला लागतं. बोबाथ परंपरेतली आणखी एक समजूत अशीच ढासळली. ताठर स्नायूला ताकदीचे व्यायाम दिले तर ताठरपणा वाढेल म्हणून ते वर्ज्य होते. १९९० च्या दशकात डायेन डमियानो या थेरपिस्ट-संशोधिकेने मुलांच्या पायांना वजनं बांधून ताकद वाढवली. ताठरपणा वाढला नाही, चाल सुधारली. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या आयोना नोव्हाक आणि सहकाऱ्यांनी सीपीचे तोवरचे उपचार तपासून त्यांना सिग्नलचे दिवे लावले, हिरवा, पिवळा, लाल. जुन्या पद्धतीची बोबाथ थेरपी लाल दिव्याखाली गेली. आजचे बोबाथ शिक्षक म्हणतात की आम्ही आता तसं शिकवत नाही. ते बहुतांशी खरं आहे. पण मग पाटी तीच आणि माल वेगळा, असं झालं आहे, आणि पाटी पाहून पैसे भरणाऱ्या पालकांची त्यात पंचाईत होते.

मग हातांचं शिक्षण बाद करायचं का? नाही. मानही न धरणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाला अंघोळीला उचलायचं कसं, घास घशात अडकू नये म्हणून बसवायचं कसं, खुबा सरकतो आहे का याची शंका वेळेत यायची कशी, हे सगळं हातांचंच ज्ञान आहे. बदललं आहे ते हे की आज चांगल्या अभ्यासक्रमात हात ठेवायला जितक्या बारकाईने शिकवतात, तितक्याच बारकाईने काढायला शिकवावं लागतं. आणि हे दुसरं फार जड जातं. पडू पाहणाऱ्या मुलाच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर हात थांबवायचा, ते स्वतः सावरतं का हे दोन सेकंद पाहायचं. त्या दोन सेकंदांत सगळं शिकणं असतं. आईच्या काळजाचा ठोका चुकतो, शिकाऊ थेरपिस्टचा हात आपोआप पुढे जातो, आणि प्रशिक्षक मागून तो धरते.

हातांची जागा बरीचशी डोळ्यांनी घेतली आहे. ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये हाइन्झ प्रेख्टल आणि ख्रिस्टा आइनश्पीलर यांनी दाखवून दिलं की तान्ह्या बाळाची उताणं पडलेल्या अवस्थेतली, कुणी न खेळवता, आपल्याच तंद्रीत चाललेली हालचाल नुसती पाहूनही मेंदूची अवस्था कळते. तीन ते पाच महिन्यांच्या बाळाच्या मानेत, धडात, मनगटांत, घोट्यांत एक बारीक, अखंड, नजाकतदार चुळबुळ चालू असते. ती मुळीच नसेल तर सीपीची शक्यता फार मोठी. उत्तम शिकलेला निरीक्षक यावरून ९८ टक्क्यांपर्यंत अचूक अंदाज देतो. लागतं काय? मोबाइलवरचं तीन-चार मिनिटांचं चित्रीकरण. बाळ जागं हवं, रडत नको, तोंडात चोखणी नको, समोर खुळखुळा नको. शिकाऊ माणसाला मात्र दिवसचे दिवस चित्रफिती दाखवतात, कारण एकेक हात-पाय न्याहाळत बसलं की चुकतं. पूर्ण बाळ एकदम पाहावं लागतं. पाहून पाहून डोळा थकला, सगळ्याच बाळांत काहीतरी खोट दिसायला लागली, की एक निरोगी बाळाची फीत लावायची आणि डोळा पुन्हा ठिकाणावर आणायचा, असा प्रेख्टलचा सल्ला होता. पूर्वी सीपीचं निदान दीड-दोन वर्षांनी व्हायचं. आता सहा महिन्यांच्या आत होऊ शकतं. मधलं वर्ष मेंदूच्या वेगवान वाढीचं असतं.

त्यानंतर मोजमाप. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या गटाने १९८९ मध्ये ८८ हालचालींची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. वळणं, बसणं, रांगणं, उभं राहणं, चालणं-उड्या. प्रत्येक हालचालीला शून्य ते तीन गुण. 'कालच्यापेक्षा छान वाटतोय' हे वाक्य त्याने मोडीत निघालं. १९९७ मध्ये त्याच गटाने पाच पातळ्यांचं वर्गीकरण आणलं : पहिल्या पातळीचं मूल धावतं, फक्त थोडं अडखळतं, तिसऱ्या पातळीचं वॉकर किंवा कुबडी धरून चालतं, पाचव्याला मान धरायलाही आधार लागतो. पुढे ऑन्टारिओतल्या ६५७ मुलांची वर्षानुवर्षं नोंद ठेवून २००२ मध्ये त्यांनी वाढीचे आलेख काढले. त्यातून दिसलं की हालचालींच्या बाबतीत मूल जिथवर पोचू शकतं त्याच्या ९० टक्के मजल ते पाच वर्षांच्या आतच मारतं.

या आलेखांनी थेरपिस्टच्या शिक्षणात एक अवघड धडा घातला, तो बोलण्याचा. 'चालेल ना हो?' हा प्रश्न प्रत्येक आई विचारते. पूर्वी 'प्रयत्न चालू ठेवा' म्हणून वेळ मारून नेता यायची. आता चार वर्षांच्या, पाचव्या पातळीच्या मुलाच्या आईला चालण्याची आशा दाखवत दहा वर्षं सत्रांचे पैसे घेत राहणं ही सरळ फसवणूक ठरते. 'नाही' म्हणताना पुढचं वाक्य काय असावं, ते किती सावकाश म्हणावं, त्या दिवशी आणखी काही सांगावं का, याचाही सराव वर्गात एकमेकांना आई-थेरपिस्ट करून घेतला जातो. सगळ्यात जास्त डोळे याच तासाला भरून येतात म्हणे.

परदेशी मोजपट्ट्यांना आपल्याकडे एक अडचण येते. त्यांचं जग खुर्ची, बाक आणि जिन्याचं. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत मूल जमिनीवर जगतं. मांडी घालून जेवणं, पाटावरून उठणं, संडासात उकिडवं बसणं, उंबरा ओलांडणं यांना त्या ८८ हालचालींत हवं तितकं स्थान नाही, आणि शाळेत जाण्याच्या दृष्टीने हेच निर्णायक असतं. म्हणून शहाणी थेरपिस्ट मुलाच्या घरी जाते, उंबऱ्याची उंची पाहते. उलट आपल्याकडचं काही आयतंच उपयोगी पडतं. मुलाला कडेवर घेण्याची पद्धत हे ठळक उदाहरण. पाय कात्रीसारखे चढणाऱ्या बाळाला दोन्ही हातांवर आडवं घेतलं की ते ताठतं. कडेवर घेतलं की मांड्या आपोआप फाकतात, धड सरळ होतं, हात मोकळे राहतात आणि जग समोर दिसतं. पाश्चात्त्य पुस्तकांत आकृत्या काढून जे शिकवतात ते इथली कोणतीही आजी करते. तेल लावून मालीश मात्र वेगळी गोष्ट. बाळाला बरं वाटतं, आईला जवळीक मिळते, पण त्याने मेंदूची आज्ञा सुधारत नाही, आणि झटके देऊन केलेली मालीश ताठर स्नायूला अपायच करते.

आईचा विषय निघाला की एक साधं गणित मांडावं लागतं. आठवड्यात १६८ तास असतात. अर्ध्या तासाची दोन सत्रं घेणाऱ्या थेरपिस्टच्या वाट्याला त्यातला एक तास येतो. उरलेले १६७ घराचे. नॅन्सी फिनी या बोबाथ परंपरेतल्या थेरपिस्टने १९६८ मध्येच पालकांसाठी जाडजूड पुस्तक लिहिलं होतं : सीपीच्या मुलाला कपडे कसे घालावेत, भरवावं कसं, उचलावं कसं. २००९ मध्ये नोव्हाकच्या गटाने ३६ मुलांवर एक चाचणी घेतली. थेरपिस्टने घरच्यांशी बोलून उद्दिष्ट ठरवलं आणि पालकांनी घरी आठवड्यातून चारेक वेळा, पाव तासाच्या आसपास, तेवढंच काम केलं. आठ आठवड्यांत फरक दिसला. यातलं कळीचं वाक्य उद्दिष्टाचं आहे. 'ताठरपणा कमी करणे' हे उद्दिष्ट नव्हे. 'शर्टाची बटणं लावणे' हे उद्दिष्ट. 'स्वतः पेला धरून पाणी पिणे' हे उद्दिष्ट. आणि ते मुलाला हवं असलं पाहिजे. घरी करायच्या व्यायामांची पंधरा कलमी यादी आईच्या हाती देणं हे शिक्षण नव्हे, तो गृहपाठ झाला, आणि न केल्याचं अपराधीपण फुकट.

हालचाल कशासाठी, हा प्रश्न मुंबईत फार आधी विचारला गेला. मालिनी छिब हिला सीपी होता म्हणून तिची आई मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली, कुलाब्यात शाळा काढली. देशातल्या इतर शहरांत अशा संस्था निघाल्या त्या त्यानंतर.  मालिनी एका करंगळीने कळफलक दाबून लिहायला शिकली, दोन पदव्युत्तर पदव्या घेतल्या आणि आत्मचरित्र लिहिलं. त्याचं नावही त्या एका बोटावरूनच आहे. तिच्या लहानपणी उपचाराचा सगळा भर पायांवर राहिला असता तर ते एक बोट कुणाच्या नजरेत आलं असतं का, हा प्रश्न थेरपिस्टांच्या वर्गात विचारण्यासारखा आहे.

आपल्याकडे फिजिओथेरपीची पदवी दीर्घकाळ साडेचार वर्षांची राहिली, अंतर्वासिता धरून. त्यात गुडघेदुखीपासून अतिदक्षता विभागापर्यंत सगळं बसवायचं, त्यामुळे सीपी हा बालरोगाच्या भागातला एक धडा. पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मुलीने अशी दोन-चार मुलं हाताळलेली असली तर नशीब. खरं शिक्षण नंतर, स्वतःच्या पैशाने, सुट्ट्या काढून, एखाद्या मोठ्या शहरातल्या अभ्यासक्रमात. २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला आणि जिल्हा रुग्णालयांत डीईआयसी (जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र) ही केंद्रं आली. तिथे फिजिओथेरपिस्ट, वाचा-उपचार, विशेष शिक्षक एका छताखाली, विनाशुल्क मिळावेत ही कल्पना उत्तम आहे. पण दुर्गम तालुक्यातून मूल कडेवर घेऊन दोन एसटी बदलत येणाऱ्या बाईला ते केंद्र आठवड्यातून दोनदा परवडत नाही. चौथ्या महिन्यात ती येईनाशी होते आणि नोंदवहीत 'पालक अनुत्सुक' असं लिहिलं जातं.

तमिळनाडूत तेनकासी जिल्ह्यातल्या आयकुडी गावी अमर सेवा संगम ही संस्था या अडचणीवर वेगळ्या रीतीने काम करते. स्थानिक कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन ती घरोघरी पाठवते. त्यांच्या हातात मोबाइलवरचं एक ॲप असतं, त्यात मुलाची नोंद होते आणि मागे बसलेले थेरपिस्ट ती पाहून मार्गदर्शन करतात. पश्चिम बंगालमध्येही कोलकात्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सेरेब्रल पाल्सीच्या सहभागाने, गावातल्याच प्रशिक्षित बायकांनी दर आठवड्याला धोक्यातल्या बाळांच्या घरी जाण्याचा प्रयोग झाला. पदवीधरांना हे कधी कधी खटकतं. चार महिने शिकलेली बाई आमचं काम करणार? तिने निदान करू नये, खुब्याचा एक्स-रे वाचू नये, हे बरोबर. पण कडेवर कसं घ्यायचं, पेला कुठे ठेवायचा म्हणजे मूल दुसरा हात वापरेल, हे आईला शेजारीण जितकं सहज शिकवते तितकं पांढरा कोट शिकवू शकत नाही. अशा बायकांना शिकवणं हेही मग थेरपिस्टचंच काम होतं, आणि त्यासाठी तिला पुन्हा काहीतरी शिकावं लागतं.

अजूनही बऱ्याच केंद्रांत मुलाला आत नेऊन दार लावतात आणि आई बाहेर बाकावर बसते. आत रडण्याचा आवाज येतो, अर्ध्या तासाने मूल परत मिळतं. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनी पुढच्या खेपेला तीन गोष्टी विचाराव्यात : मला आत बसू द्याल का? या महिन्यात याने स्वतः काय करावं असं आपण ठरवलं आहे? आणि तुमचा हात केव्हा निघेल?